मालक : वहिनी

मंगळवारी सकाळी शाळेच्या बाई आपला पाय काढून टेबलावर ठेवून बसल्या होत्या. डावा, गुडघ्याखालचा. सहा वर्षांपूर्वी याच कार्यशाळेत बनलेला, तळव्याचं रबर दोनदा बदललेला, पण बाकी ठणठणीत. तक्रार एवढीच होती की ज्या वाटीत पाय बसतो ती वाटी सैल पडायला लागली होती. बाईंचं वजन उतरलं होतं. सूतभरने तीन ठिकाणी फीत फिरवून मापं घेतली, फीत गळ्यात अडकवली आणि संगणकावर बाईंची फाईल उघडून जुन्या आकड्यांखाली नवे आकडे लिहिले. मग सेव्ह करायला गेला, तर पडद्यावर चौकट आली. या फाईलमध्ये बदल करण्याची तुम्हाला परवानगी नाही.

सूतभर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव मतदारयादीत आणि दवाखान्याच्या कार्डावर. कृत्रिम पाय बसवून झाला की समोरच्याला चार पावलं चालायला लावायची, मान तिरकी करून बघायचं आणि म्हणायचं, "सूतभर कमी आहे." गेली अठ्ठावीस वर्षं तो हेच करत आला होता. पेशंटांनी त्याचं ते नाव पाडलं, घरच्यांनी उचललं, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघायचा नाही.

त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच चौकट. मग त्याचं लक्ष गेलं की फाईलच्या चित्रावर कोपऱ्यात एक बारीकसं कुलूप लागलं आहे. एका नव्हे, फोल्डरमधल्या सगळ्याच फायलींवर. जवळपास हजारभर माणसांचे पाय, मांड्या, घोटे, त्यांची मापं, वाटीची चित्रं, कोणाला कुठे टोचतं त्याच्या नोंदी. हे सगळं त्याने स्वतः बसून भरलेलं होतं आणि सगळ्याला कुलूप.

थोरला भाऊ, दादा, हयात असताना त्याने एक गोष्ट शिकवली होती. काही अडलं तर फाईलवर उजवीकडचं बटण दाबायचं आणि गुणधर्म बघायचे. सूतभरने बघितलं. परवानग्या नावाच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं:

मालक : वहिनी

"काही बिघडलंय का?" शाळेच्या बाईंनी विचारलं.

सूतभर म्हणाला की नाही, नवीन यंत्र आहे, जरा हात बसला नाही. मापं त्याने कागदावर लिहिली, कागद खिशात घातला आणि बाईंना पुढच्या सोमवारी बोलावलं. त्या गेल्यावर तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. आतल्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं. वहिनी पट्टे शिवत होत्या.

कार्यशाळा दोघा भावांची. दादाचा हात घडणीला आणि सूतभरचा मापाला. दादा वाटी ओतायचा, सांधे जुळवायचा, नवीन काहीतरी करून बघायचा. सूतभर माणसाला चालवून बघायचा. वहिनी वरच्या मजल्यावर राहायच्या आणि पट्टे नि आतले मऊ मोजे शिवून द्यायच्या. इतकं सरळ होतं की कधी बोलूनही ठरवावं लागलं नाही. मग दीड वर्षापूर्वी दादा एका दुपारी प्लास्टर कालवता कालवता खाली बसला तो उठलाच नाही. त्यानंतर वहिनी पट्ट्यांपुरत्या राहिल्या नाहीत. पेशंटांच्या वेळा ठरवू लागल्या, सामान मागवू लागल्या, आणि दुपारी संगणकावर बसू लागल्या. काय करतात असं सूतभरने एकदा विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, ह्यांचं जुनं बघतेय." तो आत आला की त्या पडद्यावरची खिडकी मिटवत. सूतभरने तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. नवरा गेलेली बाई आहे, बघत असेल काहीतरी.

आता मंगळवारी त्याला ते सगळं आठवलं, आणि एकेक गोष्ट दुसऱ्या रंगात दिसू लागली. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, तसं.

कारण सोमवारी काय झालं होतं? जुना संगणक महिनाभर धापा टाकत होता. सोमवारी पेंग्विनबाई नवीन घेऊन आली. ही इंजिनीअर मुलगी. कॉलेजात असताना अपघातात पाय गेला, दादाने तिला पाय करून दिला, त्या पायावर ती डोंगर चढून आली. तेव्हापासून कार्यशाळेचा संगणक ती सांभाळायची. त्यात तिने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं, पडद्यावरची भाषा मराठी करून दिली होती, आणि खोक्यावर लिनक्सची खूण असलेलं पेंग्विनचं चित्र डकवलं होतं, म्हणून ती पेंग्विनबाई. सोमवारी ती आली तेव्हा सूतभर नेमका वाटीसाठी राळ आणि फायबरचं कापड आणायला गेला होता. आणि त्याला त्याच दिवशी जायला कोणी सांगितलं होतं? वहिनींनी. "भाऊजी, राळ संपत आलीय, आजच जाऊन या," असं म्हणाल्या होत्या. तो परत आला तोवर नवीन यंत्र चालू झालं होतं, पेंग्विनबाई निघून गेली होती, आणि वहिनींनी त्याला त्याचं खातं कसं उघडायचं ते दाखवलं होतं. हसून दाखवलं होतं.

म्हणजे दोघींनी मिळून केलं, असं सूतभरच्या मनाने घेतलं. राळेचा डबा तर अजून पाव भरलेला होता.

सरळ आत जाऊन विचारायचं होतं. वहिनी, हे काय आहे? चार शब्द. पण तो दारापर्यंत गेला आणि परतला. विचारलं आणि त्या "हो, मीच केलं" म्हणाल्या तर पुढे काय बोलायचं, हे त्याला सुचेना. आणि "मला काय माहीत" म्हणाल्या असत्या तर त्याने विश्वास ठेवला नसता. दोन्हीकडून पंचाईत.

मंगळवारी दुपारी वहिनींना फोन आला आणि त्या मागच्या अंगणात जाऊन बोलल्या. एरवी त्या शिवणयंत्रावर बसूनच, फोन खांद्यात धरून बोलायच्या. सूतभर खिडकीजवळ जाऊन प्लास्टरचे साचे पुसायला लागला. साचे स्वच्छच होते. एवढंच कानावर आलं: "नाही, त्यांना काही बोलले नाहीये. तू येईपर्यंत नाही बोलणार." मग थोडं थांबून, "सगळं त्यांच्याच हातात गेलंय गं."

ते "त्यांच्याच" म्हणजे कोण, हा विचार त्याने केला नाही. "तू येईपर्यंत" एवढंच त्याने धरलं.

वहिनी आत आल्या आणि त्याच्याकडे न बघता वर गेल्या. संध्याकाळी निघताना रोज त्या "येते हं" म्हणायच्या, म्हणजे जिना चढायच्या आधी. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

बुधवारी तो कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेला. हा माणूस म्हणजे उंटावरचा शहाणा. कोणतंही यंत्र न बघता त्याचा आजार सांगायचा. सूतभरने नावं न घेता विचारलं की समजा आपल्या फायलींवर दुसऱ्याची मालकी लागली तर परत कशी घ्यायची. दुरुस्तीवाल्याने लिनक्स म्हटल्यावर तोंड वाकडं केलं, पण एका कागदाच्या पाठीवर एक ओळ लिहून दिली. म्हणाला, काळी खिडकी उघडा, ही ओळ जशीच्या तशी टाइप करा, पासवर्ड विचारेल तो द्या, की डिस्कवरचं जेवढं म्हणून आहे तेवढं सगळं तुमच्या नावावर. एका दमात.

"सगळं?" सूतभरने विचारलं.

"झाडून सगळं," दुरुस्तीवाला म्हणाला.

दुपारी वहिनी जेवायला वर गेल्या तसा सूतभर संगणकावर बसला. काळी खिडकी उघडली. एका बोटाने, चष्मा कपाळावर सारत आणि परत खाली आणत त्याने ती ओळ टाइप केली. यंत्राने पासवर्ड विचारला. त्याने पहिलं अक्षर दाबलं. पडद्यावर काही उमटलं नाही. दुसरं दाबलं, काही नाही. ठिपकासुद्धा नाही. त्याने सबंध पासवर्ड दाबून बघितला. पांढरी खूण होती तिथेच लुकलुकत राहिली.

म्हणजे त्यांनी एवढाही विचार करून ठेवलाय. आपण इथवर येणार हे धरून, नेमकी इथे कळ बंद करून ठेवलीय. बाकी सगळीकडे अक्षरं उमटतात, फक्त इथे नाही. त्याने घाईने खिडकी बंद केली, जणू पलीकडून कोणी बघत होतं.

जिन्यावर पावलं वाजायला अजून वेळ होता. सूतभर उठला आणि भिंतीतलं कपाट उघडलं. खालच्या खणात जुन्या वह्या होत्या, संगणक येण्याआधीच्या. सतरा जाड वह्या. पहिल्या बारा वर्षांची सगळी मापं, अर्धी दादाच्या हातची आणि अर्धी त्याच्या. त्याने त्या दोन पिशव्यांत भरल्या आणि मागच्या दाराने जाऊन सायकलला लावल्या. संगणक गेला तर गेला, पण वह्या मिळू द्यायच्या नाहीत.

घरी बायकोने पिशव्या बघितल्या आणि विचारलं की आता कार्यशाळेतून भट्टीही आणणार का. सूतभरने तिला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत ऐकत होती. तिने एवढंच विचारलं की जाऊबाईंशी बोललास का. तो नाही म्हणाला. "मग हे सगळं तुला कोणी सांगितलं?" सूतभर म्हणाला, यंत्राने सांगितलं, स्पष्ट मराठीत लिहिलंय मालक म्हणून. बायको म्हणाली की यंत्र तिला रोज सांगतं की तिचा फोन भरलाय, तरी त्यात फोटो मावतात. सूतभरला राग आला. वह्या त्याने कपड्यांच्या कपाटात, हिवाळ्याच्या पांघरुणांखाली ठेवल्या.

गुरुवार फार वाईट गेला. वहिनी सकाळी कपाटापाशी गेल्या, खालचा खण उघडला आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या. सूतभर पाठमोरा होता, पण पाठीला डोळे फुटल्यासारखं त्याला सगळं दिसत होतं. खण मिटल्याचा आवाज आला. वह्या गेल्याचं दिसूनही बोलल्या नाहीत, याचा अर्थ सूतभरने आपल्या सोयीने लावला: ज्याच्या मनात काळं तो विचारेल कसा? स्वतःच्या गप्प बसण्याला त्याने हा नियम लावून बघितला नाही.

दिवसभर दोघं एका छपराखाली अशी वावरली, जणू मध्ये काच आहे. पट्टे पाहिजेत असं तो म्हणाला की पट्टे टेबलावर यायचे. चहा यायचा, पण कप ठेवल्याचा आवाज जरा मोठा. एका पेशंटाला दोघांनी मिळून उभं करायचं होतं, एकाने डावी बगल धरायची आणि एकाने उजवी. त्या माणसाच्या लक्षात आलं असावं, कारण तो म्हणाला की मी आपला उद्याच येतो.

दुपारी वहिनींना परत फोन. या वेळी त्या अंगणातही गेल्या नाहीत, थेट रस्त्यावर. फाटकाबाहेर उभ्या राहून बोलल्या. परत आल्यावर सूतभर न राहवून म्हणाला, "काही विशेष?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमचं काही विशेष?"

"माझं काय असणार," सूतभर म्हणाला.

वीस वर्षांत दिराभावजयीत इतकं मोजूनमापून बोलणं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला पेंग्विनबाई आली. पाठीवर पिशवी, चालण्यात जेमतेम कळेल एवढा हेलकावा. दादाचं काम. तिला बघताच सूतभरने हिशोब जुळवला. फोनवरचं "तू येईपर्यंत" म्हणजे हीच. आता ही उरलंसुरलं उरकून टाकणार. तो फीत गळ्यातून काढून हाताला गुंडाळत उभा राहिला.

वहिनी आतून आल्या. चेहरा उतरलेला, पण आवाज पक्का. "बरं झालं आलीस. भाऊजी आहेत समोर. त्यांच्यादेखतच बघ. मला पाठीमागे काही करायचं नाही."

"पाठीमागे?" सूतभर म्हणाला. चार दिवस दाबून धरलेलं एकदम वर आलं. "पाठीमागे कोण करतंय? मला राळ आणायला पाठवलंत आणि इकडे माझ्या हजार फायली नावावर करून घेतल्यात. मालक वहिनी. मराठीत लिहिलंय तिथे. मी अशिक्षित आहे का?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याचं काही नव्हतं. न समजल्याचं होतं, आणि त्याच्या खाली राग. "मी नावावर केल्या? भाऊजी, ह्यांचं सगळं कोणी नावावर केलं? ह्यांचं फोल्डर उघडलं की प्रत्येक फाईलवर तुमचं नाव आहे. मालक सूतभर. सोमवारी संध्याकाळपासून मला तिथे एक अक्षर लिहिता येत नाहीये. वर वह्याही नेल्यात."

"मी दादाचं फोल्डर उघडलंसुद्धा नाही."

"आणि मी तुमचं नाही उघडलं."

पेंग्विनबाईने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि खुर्ची ओढून संगणकासमोर बसली. "काकू, तुम्ही फोनवर म्हणालात काकांनी सगळं घेतलं, तेव्हा मला वाटलं काकांनी काहीतरी दाबलं असेल. काका, तुमच्याही फायली गेल्यात हे मला कोणी सांगितलंच नाही." तिने काळी खिडकी उघडली. दोन ओळी टाइप केल्या. पडद्यावर नावांची रांग उमटली, मग तिने आणखी काहीतरी केलं आणि नावांच्या जागी आकडे आले. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "चूक माझी आहे."

मग तिने समजावून सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं की सूतभरला ते लगेच पटेना. यंत्राला नावं कळत नाहीत. फाईलवर मालकाचा आकडा लिहिलेला असतो, आणि त्या आकड्याचं नाव काय ते यंत्र वेगळ्या यादीत बघतं. जुन्या यंत्रात पहिलं खातं दादाचं होतं, पुढे वहिनीही तेच वापरायच्या; त्याला आकडा मिळाला एक हजार. दुसरं सूतभरचं, एक हजार एक. सोमवारी तिने जुन्या यंत्रातली डिस्क काढून नव्यात बसवली, आणि नव्यात खाती नव्याने उघडली. आधी सूतभरचं, म्हणून हजार त्याला. मग वहिनींचं, एक हजार एक त्यांना. फायलींवरचे आकडे तेच राहिले. फायली उघडतात का ते तिने बघितलं, उघडल्या, आणि ती गेली. लिहिता येतं का हे बघायचं राहिलं.

"म्हणजे कपाटाचे खण तेच," वहिनी सावकाश म्हणाल्या, "पाट्या तेवढ्या बदलल्या."

"बरोबर. दादांच्या खणावर काकांची पाटी लागली, काकांच्या खणावर तुमची."

सूतभर स्टुलावर बसला. त्याने विचारलं की मग त्या खिडकीत पासवर्ड का घेत नव्हतं. पेंग्विनबाईने चमकून विचारलं कुठली खिडकी. त्याने खिशातून दुरुस्तीवाल्याचा कागद काढून दिला. तिने तो वाचला, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा गंभीर झाला. पासवर्ड दाबताना तिथे काहीच दिसत नाही, सगळ्यांनाच नाही, ती पद्धतच आहे, असं ती म्हणाली. तो घेत होता. शेवटचं बटण दाबलं असतं तर ही ओळ चालली असती, कारण या यंत्रावर सगळे अधिकार सूतभरच्याच खात्याला होते, पहिलं खातं म्हणून.

"आणि मग?" सूतभरने विचारलं.

"मग दादांच्या आणि तुमच्या सगळ्या फायलींवर एकच आकडा पडला असता. कोणती कोणाची ते यंत्राला सांगता आलं नसतं."

वहिनींनी तो कागद हातात घेऊन बघितला आणि टेबलावर ठेवला. सूतभरला त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चोर म्हणून ज्यांच्याकडे चार दिवस बघितलं, त्यांच्यासमोर स्वतःचा हात तिजोरीत सापडावा, तशी त्याची गत झाली.

पेंग्विनबाई कामाला लागली होती. म्हणाली की दुरुस्ती सोपी आहे, पण क्रम पाळायला हवा. सूतभरच्या फायली त्याला परत द्यायच्या म्हणजे त्यांच्यावर हजार आकडा लावायचा, आणि दादाच्या फायलींवर आत्ता तोच आकडा आहे. म्हणून आधी दादाच्या बाजूला काढायला हव्यात. "दादांच्या फायली कोणाच्या नावे करू?"

एरवी हा प्रश्न कोणी विचारला नसता. दीड वर्षात विचारला गेला नव्हता. शिवणयंत्राची मोटर आत तशीच गुणगुणत राहिली होती, वहिनी बंद करायला विसरल्या होत्या.

"काय आहे त्यात?" सूतभरने विचारलं.

वहिनींनी पेंग्विनबाईला खूण केली. तिने दादाचं फोल्डर उघडलं. लहान मुलांच्या गुडघ्याची चित्रं होती. मूल वाढतं, पाय अपुरा पडतो, दर वर्षी नवीन करावा लागतो. तर सांध्याच्या खाली एक सरकणारा दांडा घालून तोच पाय लांब करता येईल का, याच्या खटपटी. सूतभरला आठवलं, दादा याबद्दल बोलायचा आणि तो हसायचा. मुलं काय तुझा दांडा टिकू देणार आहेत का, असं म्हणायचा. त्याला वाटलं होतं ते तिथेच संपलं. पण चित्रांवर दादाच्या नंतरच्या तारखा होत्या. कडेला बारीक टिपणं होती: इथे पट्टा दुहेरी, इथे शिवण आतून, मुलाच्या कातडीला लागणार नाही असं अस्तर. शेवटचा बदल गेल्या शनिवारी.

"तुम्ही हे करत होतात?" तो म्हणाला.

"तुम्ही ह्यांना हसायचात. मला हसलेलं चाललं नसतं," वहिनी म्हणाल्या.

सूतभरने चष्मा खाली आणून चित्रं बघितली. मापाचा माणूस तो, त्याला दिसत होतं की दांडा ठीक आहे पण तो जागी धरणारा खटका चुकलाय, मूल पळायला लागलं की निसटेल. ते त्याने तेव्हा बोलून दाखवलं नाही. म्हणाला, "वहिनींच्या नावे कर."

वहिनींनी मान हलवली. "माझ्या नावे कर. पण भाऊजींनाही त्यात लिहिता आलं पाहिजे. खटका माझ्याच्याने जमत नाहीये."

पेंग्विनबाई म्हणाली की त्यासाठी गट करता येतो. मालक एक असला तरी गटातल्यांना लिहायची मुभा. तिने कार्यशाळा नावाचा गट केला, दोघांना त्यात घातलं, आणि दोघांच्याही फोल्डरांना तो लावला. आधी दादाच्या फायली बाजूला काढल्या, मग सूतभरच्या त्याला दिल्या, मग दादाच्या वहिनींना. कुलपं गेली. तिने सूतभरला शाळेच्या बाईंची मापं भरून सेव्ह करायला लावलं, वहिनींना एका चित्रावर रेघ मारायला लावली, आणि दोन्ही झाल्यावरच उठली. चहाला थांबली नाही. दारातून म्हणाली की पुढच्या वेळी मला आधी सांगा, काही वाटलं तर दोघांनीही सांगा.

ती गेल्यावर खोलीत दोघंच राहिली.

"वह्या कुठे आहेत?" वहिनींनी विचारलं.

"घरी. पांघरुणांच्या खाली."

"उद्या आणा."

"आजच आणतो," सूतभर म्हणाला. मग त्याला वाटलं की एवढ्यावर भागणार नाही. "चुकलो मी. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

वहिनी आत जाऊन मोटर बंद करून आल्या. "मीही विचारलं नाही. आणि मी वह्या नेल्या नसल्या तरी दुसरं केलंय. काल फोन आला होता तो नदीपलीकडच्या कार्यशाळेचा. त्यांना पट्ट्यांचं काम जाणणारं माणूस हवंय. मी त्यांना नाही म्हटलं नव्हतं. शुक्रवारी कळवते म्हटलं होतं."

"आज शुक्रवार," सूतभर म्हणाला.

"माहीत आहे मला."

सूतभरला राहा म्हणावंसं वाटलं, पण चार दिवस जो माणूस खिडकीआड उभा राहून ऐकत होता, त्याने राहा म्हणायचं कुठल्या तोंडाने. तो सायकल काढायला गेला. वह्या घेऊन तासाभराने परतला तेव्हा वहिनी शिवणयंत्रावर बसल्या होत्या आणि फोन खांद्यात धरून कोणाशी तरी बोलत होत्या. म्हणत होत्या की इथेच बरंच काम पडलंय, सवड होणार नाही, रागावू नका. सूतभरने वह्या एकेक करून खालच्या खणात लावल्या, जितक्या हळू लावता येतील तितक्या.

त्यानंतर दोघांचं सगळं गोडीगुलाबीने चाललं, असं कोणी सांगितलं तर ते खरं नव्हे. एकदा मनात शिरलेला संशय पाहुण्यासारखा निघून जात नाही, तो दारात चपला विसरून जातो. पुढचे कितीतरी दिवस वहिनींना फोन आला की सूतभरचे कान टवकारायचे आणि त्याचं त्यालाच वाईट वाटायचं. आणि तो लवकर घरी निघाला की वहिनी एकदा कपाटाकडे बघून घ्यायच्या. पण बोलायचं टाळायचं नाही, एवढं दोघांनी न ठरवता पाळलं.

महिन्याभराने गुडघ्याच्या खटक्यावरून त्यांचं कडाक्याचं वाजलं. सूतभरचं म्हणणं होतं की खटका बाजूने असावा, वहिनींचं म्हणणं मागून, नाहीतर त्यात अडकून मुलाची पँट फाटेल. समोर शाळेच्या बाई नवी वाटी घालून भिंतीच्या आधाराने उभ्या होत्या आणि कोणाकडे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. सूतभर म्हणाला, पँटचं काय घेऊन बसलात. वहिनी म्हणाल्या, तुम्ही आयुष्यात एक तरी पँट शिवलीत का. आवाज रस्त्यापर्यंत जात होता. शाळेच्या बाईंनी हळूच विचारलं की मी नंतर येऊ का.

"नाही, नाही," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही चालून दाखवा. आमचं हे चालायचंच."